भाऊजींची न लागणारी बंदूक

भाऊजींची गोळी कधी नेमकी लागली नाही, आणि त्याचं भाऊजींना कधी फारसं काही वाटलंही नाही. निदान रेंजवरच्या सगळ्यांचा तसा समज होता. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत ठासणीच्या बंदुकांची हौस असलेली माणसं रविवारी सकाळी जमायची, कागदाच्या लक्ष्यावर गोळ्या मारायची, धुरानं काळवंडलेल्या तोंडांनी चहा प्यायची आणि जेवायच्या वेळेला आपापल्या घरी जायची. त्यांत विजेच्या जळक्या मोटारींचं वाइंडिंग करणारे भाऊजी सगळ्यांत आधी हजर आणि सगळ्यांत शेवटी परत. गोळी कुठे गेली असं कुणी विचारलं की ते डोळे बारीक करून धुरातून समोर बघायचे आणि म्हणायचे, "जवळपासच कुठेतरी." हे इतक्यांदा झालं की रेंजवर त्यांचं नावच 'जवळपास' पडून गेलं. "अहो जवळपास, चहा घेणार ना?" असं कुणी हाक मारून विचारलं की ते बिनतक्रार घेत.

त्यांना भाऊजी म्हणणारी तिथे एकच होती, ती म्हणजे टेलरबाई. ही त्यांच्या धाकट्या भावाची बायको. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान. पँटची उंची कमी कर, ब्लाउज उसव, शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा करून दे, असली कामं. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की शिलाईचं यंत्र बाहेर ठेवावं की काय असं वाटे. पण तिच्या हाताला सफाई होती, आणि रेंजवर तर तिचं नाव झालेलं. वार्षिक सामन्यात ती उभी राहिली की बाकीचे दुसऱ्या नंबरासाठी भांडायला लागत.

आता ठासणीची बंदूक म्हणजे घाईगर्दीच्या माणसाचं कामच नव्हे. आधी मोजून काळी दारू नळीच्या तोंडातून आत ओतायची. मग तेलात भिजवलेली कापडाची चिंधी तोंडावर ठेवायची, तिच्यावर शिशाची गोळी, आणि लांब गजानं ती गोळी चिंधीसकट तळापर्यंत ठासायची. मागच्या बोंडीवर, म्हणजे दारूपर्यंत बारीक भोक असलेल्या टोकावर, ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवायची, घोडा ओढायचा, मग कुठे नेम धरायचा. एवढा खटाटोप करून गोळी एक, आणि ती चुकली की पुन्हा पहिल्यापासून. टेलरबाईच्या दुकानातल्या कापडाच्या कातरणी सगळ्या रेंजला चिंध्या म्हणून पुरत. गादीच्या खोळीचं जाड कापड सगळ्यांत चांगलं, असं तिनंच शोधून काढलं होतं.

तर त्या वर्षी सामन्याच्या आधी भाऊजींचे डोळे बिघडले. उजव्या डोळ्यासमोर, बरोबर मधोमध, एक धुरकट ठिपका येऊन बसला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तो वाढत जाणार, थांबवता येईल तेवढा थांबवू, पण बंदुकीचा नाद आता सोडा. भाऊजींनी मान डोलावली आणि घरी येऊन जाहीर केलं की येत्या रविवारचा सामना शेवटचा, मग बंदूक विकून टाकायची.

"सुटले एकदाची," भाऊजींची बायको, म्हणजे टेलरबाईच्या जाऊबाई, म्हणाल्या. भाऊजींच्या बंदुकीला त्या 'ती नळी' म्हणत. एकदा फोनवर भाऊजी कुणाला तरी "दारू संपलीय, येताना घेऊन या" असं मोठ्यानं सांगत होते, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जाऊबाईंना जिन्यात गाठून सहानुभूती दाखवली होती. तेव्हापासून त्यांचा त्या नळीवर राग. पण 'सुटले' म्हणताना त्यांनी तोंड फिरवलं आणि उगाचच ओटा पुसायला घेतला, हे टेलरबाईनं पाहिलं.

गिऱ्हाईकही लगेच मिळालं. औषधाच्या दुकानाचा मालक नुकताच रेंजवर यायला लागला होता. हौस मोठी, पण अजून बंदूक कुठल्या खांद्याला लावायची इथपासून तयारी. तो म्हणाला, मी घेतो. भाऊजी म्हणाले, "घ्या, पण भिंतीवर टांगायला घ्या. मारायला नको."

"का हो? मारायला काय झालं?"

"जुनी आहे. मी घेतली तेव्हाच सेकंडहँड होती. शोभेला बरी."

टेलरबाईला हे ऐकून वाईट वाटलं. तिला वाटलं, भाऊजी स्वतःच्या नेमाची लाज बिचाऱ्या बंदुकीच्या माथी मारतायत. एवढी वर्षं हा माणूस उन्हातान्हात उभा राहिला, लोकांच्या गोळ्या मोजल्या, सगळ्यांच्या बंदुका पुसून दिल्या, आणि आपली एक गोळी लक्ष्याच्या मधल्या काळ्या गोलात बसलेली न बघताच आता घरी बसणार. डोळा तर राहणार नाही. जे काय बघायचं ते या रविवारीच. तिनं मनाशी ठरवून टाकलं की भाऊजींची एक तरी गोळी काळ्यात गेलीच पाहिजे, मग त्यासाठी काय वाटेल ते करावं लागलं तरी चालेल.

तिनं असं जिवाला लावून घेण्याला कारण होतं. नवरा गेला तेव्हा टेलरबाई रडली नाही, तिनं दुकान उघडलं. गिऱ्हाइकाशी मापापुरतं बोलायची, संध्याकाळी कुलूप लावायची, घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. जाऊबाई डबा आणून ठेवायच्या, तो कधी खाल्लेला असे कधी नसे. अशात एक दिवस भाऊजी जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं घेऊन दुकानात आले आणि कापायच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "ही तुझी. अशीच एक मीही घेतलीय."

"मी काय करू हिचं?"

"धूर कर. उद्या सकाळी तयार राहा."

ती का गेली हे तिला आजही सांगता यायचं नाही. बहुतेक नाही म्हणायचंही त्राण नव्हतं म्हणून. खाणीत भाऊजींनी तिला बंदूक भरून दिली, खांद्याला लावायला शिकवली, "श्वास अर्धा सोड आणि मग चाप हळूच ओढ" म्हणाले. धडाड् आवाज झाला, पांढऱ्या धुरात काही दिसेना, आणि धूर विरला तेव्हा पलीकडून कुणीतरी ओरडलं की बाईंची गोळी काळ्याला लागली. पहिलीच गोळी! टेलरबाई हसली. कित्येक महिन्यांनी हसली. आणि पुढच्या रविवारी न बोलावता येऊन उभी राहिली. त्या पहिल्या गोळीनं आपल्याला उठवून बसवलं असं ती मानायची, आणि ते कधी भाऊजींना सांगायचं राहून गेलं होतं. घरच्या माणसाला थँक्यू म्हणायचं तरी कसं?

तर सामन्याच्या आधी तिनं भाऊजींची बंदूक 'साफ करून देते' म्हणून मागून घेतली. भाऊजी म्हणाले, "कशाला? साफच आहे." तिनं ऐकलं नाही. दुपारी दुकान बंद करून ती सरळ खाणीवर गेली.

तिथे फिटर होता. कारखान्यातून निवृत्त झालेला, रेंजची राखण करणारा आणि लक्ष्याचे कागद लावणारा हा माणूस फार बोलत नसे. तिच्या हातात भाऊजींची बंदूक बघून तो आणखीच गप्प झाला.

टेलरबाई मात्र कामाला लागली. आधी नळी रिकामी आहे ना ते बघितलं. गज तळापर्यंत सोडला, नळीच्या तोंडापाशी गजावर शिवणाच्या खडूनं खूण केली, गज काढून बाहेरून नळीला लावून पाहिला. खूण बरोबर जागी आली, म्हणजे आत काही अडकलेलं नव्हतं. हे तिला भाऊजींनीच शिकवलेलं. जुन्या बंदुकीत कुणाची तरी गोळी तशीच राहून गेलेली असते, आणि ती सापडायची ही एकच शहाणपणाची रीत. मग तिनं घोडा पाहिला, चाप पाहिला, दस्त्याला कुठे चीर नाही ना हे बोट फिरवून पाहिलं. बंदूक लख्ख होती. एवढी निगा तर आपणही आपलीची ठेवत नाही, असं तिच्या मनात आलं.

मग तिनं नळी वाळूच्या पिशव्यांवर टेकवली. म्हणजे हात हलण्याचा प्रश्नच नको. एक गोळी मारली. ती डावीकडे वर. तोच नेम, तेवढीच दारू, दुसरी मारली. ती उजवीकडे खाली. तिसरी कागदावरच नव्हती. दारू कमी करून पाहिली, जास्त करून पाहिली. पातळ चिंधी घेतली, जाड घेतली. गोळ्या आपल्या मनाला येईल तिकडे जात होत्या. एका बाजूला जात असत्या तर नेम तेवढा सरकवून घेता आला असता, पण यांना काही धरबंधच नव्हता.

टेलरबाई नळीसमोरच्या गवतात गेली आणि उडून पडलेल्या चिंध्या वेचायला लागली. गोळी सुटली की चिंधी थोड्या अंतरावर गळून पडते, आणि नळीच्या आत काय झालं ते त्या चिंधीवर उमटलेलं असतं. तिनं त्या गुडघ्यावर पसरून एकेक सरळ केल्या. जळालेली एकही नव्हती. फाटलेलीही नव्हती. कापड फाटतं तेव्हा धागे ओढले जातात, कडेला झिप्र्या सुटतात. या चिंध्यांना मात्र एकाच बाजूला, एकाच जागी, सरळसोट चीर होती. कात्री लागल्यासारखी. प्रत्येक चिंधीला तशीच.

"आत काहीतरी धारेचं आहे," ती स्वतःशीच म्हणाली. गजाच्या टोकाला कापूस गुंडाळून तिनं नळीत हळूहळू फिरवला. तोंडापासून चार बोटं आत तो अडकला. बाहेर काढला तर नळीच्या आत कापसाचे धागे लोंबत राहिलेले.

"फिटर, जरा दिवा दाखवा."

फिटरनं बारीक बॅटरी आणली, पण डोकावून बघितलं नाही. नुसती तिच्या हातात दिली. आतल्या पीळदार चरांपैकी एकाची कड तुटलेली स्पष्ट दिसत होती. गोळी बाहेर पडता पडता तिथे चिंधी कापली जायची आणि गोळी कुठेही भरकटायची.

"तुम्हाला बघायचं नाही का?" तिनं विचारलं.

"मी बघितलेलं आहे," फिटर म्हणाला.

"कधी?"

 तो म्हणाला, "दोन्ही बंदुका घेऊन आले होते ना ते, तेव्हा. तुम्हाला आणायच्या आदल्या दिवशी. जुन्या सामानाच्या दुकानातून एकदम घेतल्या होत्या दोन्ही. आम्ही दोघांनी मिळून मारून पाहिल्या. एकीच्या गोळ्या तळहाताखाली झाकता येतील इतक्या जवळ जवळ, आणि दुसरीचं हे असं. मीच म्हटलं, चांगली तुम्ही ठेवा, बाई नवीन आहेत, त्यांना काय कळतंय. तर म्हणाले, नाही. तिची पहिलीच गोळी लागली पाहिजे, नाहीतर ती परत यायची नाही. माझी नाही लागली तर मी येणारच आहे."

टेलरबाईनं बॅटरी विझवली. 

"आणि तुम्ही एवढी वर्षं गप्प राहिलात?" ती म्हणाली.

"दर रविवारी माझा चहा त्यांच्याकडून असतो," फिटर ओशाळून म्हणाला. "तोंड बंद ठेवायचा."

"तोंडाकडून कापून घेतली तर सुधारेल?"

"सुधारेल. पण तेवढी नळी कापायची, तोंड पुन्हा खरडून सारखं करायचं, नेम धरायची पुढची माशी काढून मागे बसवायची, मग नेम लावायचा. रविवारच्या आत? नाव काढू नका."

तिथून ती तडक वाइंडिंगच्या दुकानात गेली. वाटेत तिला राग आला होता, आणि राग कुणाचा आलाय हे काही केल्या ठरत नव्हतं. भाऊजींचा, फिटरचा, का 'जवळपास' म्हणून हसणाऱ्या सगळ्यांचा? त्या हसणाऱ्यांत ती स्वतःही होती. आणि मनाच्या तळाशी आणखी एक खुपत होतं, ते म्हणजे कपाटातले सामन्यांत जिंकलेले कप. ते कुणी जिंकले, आपण की बंदुकीनं?

दुकानात व्हार्निशचा वास कोंडलेला होता. जळालेले पंखे, पंपांचे सांगाडे, तांब्याच्या तारेची रिळं यांच्या मधोमध भाऊजी स्टुलावर बसून तार गुंडाळत होते. ओठ हलत होते, कारण वेढे मोजणं चाललं होतं. ती दारात दिसताच त्यांनी डाव्या हाताचं बोट वर केलं. थांब. वेढ्यांचा हिशेब मधेच सुटला की सगळी तार उलगडून पुन्हा सुरुवात. त्यामुळे भांडायला आलेल्या टेलरबाईला गपगुमान उभं राहावं लागलं. हल्ली ते तारेकडे बघतही नव्हते. बोटांनीच चाचपून वेढा वेढ्याला लावत होते. ते बघता बघता तिचा राग निम्म्याहून जास्त उतरला.

"हं, बोल," वेटोळं बांधून झाल्यावर ते म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"काय?"

"आतली कड तुटलीय ते."

भाऊजींनी वेटोळं हळूच खाली ठेवलं. "फिटरनं सांगितलं वाटतं. आता त्याचा चहा बंद."

"हसण्यावारी नेऊ नका. एवढी वर्षं लोक तुम्हाला नावं ठेवत आले..."

"नाव ठेवलं. एकच. आणि तेही प्रेमानं."

"मीसुद्धा हसले तुम्हाला."

"हसलीस की. त्याचसाठी तर केलं होतं सगळं." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "धाकटा गेला, तेव्हा तुझ्याकडे बघवत नव्हतं. मोटार जळली तर जळकं तांबं काढून नवं गुंडाळता येतं मला. तुझं काय करायचं ते काही सुचेना. तुझ्या जाऊबाईनं डबे आणून पाहिले, मी बंदूक आणून पाहिली. आता दोन बंदुकांतली एकच लागत होती, तर ती कुणाला द्यायची याचा काय मोठा विचार करायचा?"

"मग नंतर तरी कापून घ्यायची होतीत."

"पहिल्या वर्षी कापली असती तर तू विचारलं असतंस. दुसऱ्या वर्षी राहून गेलं. मग सवय झाली. मला खरंच त्रास नव्हता गं. आवाज व्हायचा, धूर निघायचा, तुझी गोळी लागायची."

टेलरबाईनं पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि व्हार्निशला नावं ठेवली. "आणि माझे ते कप? ते मग बंदुकीचेच म्हणायचे."

"वेडी आहेस का? चांगली बंदूक काय आपली आपण लागते? औषधवाल्याच्या हातात देऊन बघ, समोरचा डोंगर चुकवील तो. नेम तुझाच. माझ्या हातात असती तर मी काय केलं असतं, ते आता कळायला मार्ग नाही."

"आहे मार्ग. रविवारी माझी बंदूक तुम्ही घ्यायची."

"छे छे."

"मग मीही येणार नाही सामन्याला. तुम्ही आणि तुमचा फिटर बसा चहा पीत."

भाऊजींनी तारेचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग त्यांनी जे सांगितलं ते टेलरबाईच्या ध्यानीमनी नव्हतं. "आणि नाही लागली तर?" ते म्हणाले. "इतकी वर्षं माझ्याकडे सबब होती. कुणाला सांगितली नाही, पण आपल्यापुरती होती. बंदूकच तशी आहे, म्हणून मी झोपायचो निवांत. तुझी बंदूक हातात घेतली की तीही गेली. मग कळेल की मी जन्मभर 'जवळपास'च होतो, बंदूक कुठलीही असो."

ही भीती तिनं त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.  ती फक्त म्हणाली, "मी शेजारी उभी आहे की."

रविवारी ऊन चांगलं पडलं होतं. जाऊबाई जन्मात पहिल्यांदा रेंजवर आल्या. कानात कापसाचे बोळे घालून, डोक्यावर छत्री धरून त्या मागच्या बाकावर बसल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, "इथे एवढी वर्षं येता तुम्ही? सावली नाही कुठे?" औषधवाला नवी टोपी घालून हजर होता. प्रत्येकाला तीन गोळ्या, असा सामन्याचा नियम.

भाऊजींच्या हातात टेलरबाईची बंदूक दिसली तेव्हा कुजबूज झाली. कुणीतरी म्हणालं, "वा जवळपास, आज काय जवळून मारणार की काय?" ते हसले, पण नेहमीसारखं नाही. त्यांनी खिशातून गोळी काढली, तर ती हातातून निसटून गवतात पडली. दुसरी काढली. चिंधी ठेवली, गोळी ठेवली, गजानं तळापर्यंत ठासली, टोपी बसवली, खांद्याला लावून खूप वेळ नेम धरला. चाप ओढला. टोपी टप्प करून वाजली आणि पुढे काहीच झालं नाही.

 मग एकच हशा उसळला. दारू घालायचीच विसरले होते! सगळ्यांना बंदुका भरायला शिकवणारा हा माणूस, आणि त्यानंच नुसती गोळी ठासून ठेवली. ठासणीच्या बंदुकीवाल्यांत ही चूक न केलेला माणूस नाही, आणि दुसऱ्यानं केली की हसल्याशिवाय राहिलेलाही नाही. भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. जाऊबाई बाकावरून उठून उभ्या राहिल्या.

"नळी समोरच धरा," टेलरबाई म्हणाली. थोडं थांबून तिनं बोंडी काढली, त्या बारीक भोकातून चिमूट चिमूट दारू आत सारली, बोंडी पुन्हा घट्ट बसवली, गजानं गोळी परत तळाला दाबली, नवी टोपी लावली. "मारा मातीच्या ढिगाऱ्यात." फुस्स करून गोळी निघाली आणि ढिगाऱ्याच्या पायथ्याशी मातीत शिरली. एक गोळी गेली. फिटरनं ती मोजली, कारण नियम तो नियम.

"दुसरी तू भर," भाऊजी हळूच म्हणाले. "माझे हात ऐकत नाहीयेत."

"तुम्हीच भरा," ती म्हणाली. "मी बघते."

त्यांनी भरली. दारू, चिंधी, गोळी, गज, टोपी. प्रत्येक वेळी तिच्याकडे बघून. मग खांद्याला लावली. ठिपका मधोमध होता, त्यामुळे लक्ष्य समोर धरलं की नाहीसं व्हायचं. त्यांनी मान जराशी तिरकी केली आणि डोळ्याच्या कडेनं काळं हुडकून काढलं.  हा माणूस आज चुकला तर ते आपल्यामुळे, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. त्यांची सबब आपणच काढून घेतली. देवा, एवढी एक लागू दे.

धडाड्. धूर पसरला आणि बराच वेळ हलला नाही. फिटर कागदाकडे चालत गेला. खाली वाकला. मग तो वळला आणि दोन्ही हात वर करून नुसता उभा राहिला. 

"कुठे गेली?" भाऊजींनी विचारलं. त्यांना इथून काहीच दिसत नव्हतं.

टेलरबाई सांगणार, तेवढ्यात मागून जाऊबाईच छत्रीसकट पुढे आल्या. "काळ्यात, अहो! काळ्यात गेली! मला दिसतंय ना इथून!"

मग जे झालं ते काही सांगता सोय नाही. लोकांनी भाऊजींना वेढा घातला, पाठीत धपाटे घातले, कुणी कागदच काढून आणला आणि त्यांचं बोट धरून त्या भोकात घातलं. भाऊजी बोट तिथेच ठेवून उभे राहिले. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही. तिसरी गोळी त्यांनी मारलीच नाही. "पुरे झालं," म्हणाले आणि बंदूक टेलरबाईपुढे धरली. "तुझी पाळी. घे तुझी तू."

"मी तुमची घेते."

"अगं, हरशील."

"हरू दे."

ती त्यांची बंदूक भरून उभी राहिली. काळजीपूर्वक नेम धरून तिनं गोळी मारली. ती कागदाचा वरचा कोपरा घेऊन गेली. दुसरी कुठे गेली ते देव जाणे. तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे भाऊजींच्या कागदापाशी होते, आणि भाऊजी प्रत्येकाला नव्यानं सांगत होते की मान जरा तिरकी केली, मग दिसलं. तिनं बंदूक खाली केली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. आपली गोळी चुकली याचं तिला तिळमात्र वाईट वाटलं नाही. उलट इतकं बरं तिला आपले कप घेताना कधी वाटलं नव्हतं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की एवढी वर्षं आपण ज्या माणसाची कीव करत आलो, तो माणूस दर रविवारी इथे असाच उभा असणार, न लागणारी बंदूक हातात धरून, सगळ्यांत मजेत.

ती सरळ गर्दीत घुसली. "भाऊजी," ती म्हणाली, "थँक्यू हं."

"कशाबद्दल गं?"

"त्या पहिल्या गोळीबद्दल."

भाऊजींनी कागदातलं बोट काढलं आणि तोच काळा हात तिच्या डोक्यावर ठेवला. 

एवढ्यात औषधवाला घाईघाईनं आला. आजचा प्रकार बघून त्याचा उत्साह दुप्पट झाला होता, फक्त कुठली बंदूक कुणाच्या हातात होती याचा त्याला पत्ता नव्हता. "टेलरबाई, तुम्हाला तर बंदुकीतलं कळतं," तो म्हणाला. "खरं सांगा, कशी आहे त्यांची बंदूक?"

"अगदी भिकार," टेलरबाई म्हणाली. "आणि ती मी घेतलीय."